घुमटातला आवाज आणि दगडावरचे अक्षर



जुन्नरजवळ हापूसबाग नावाचे गाव आहे. मूळ नाव हबशीबाग होते, असे सांगतात. हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेला माणूस. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा हबशीच होता. तो १६२६ साली वारला.

या गावात एक मोठी दगडी इमारत आहे. तिला सौदागर घुमट म्हणतात. सौदागर म्हणजे मोठा व्यापारी. आत कबरी आहेत, वर भला मोठा घुमट आहे. आत उभे राहून हाक मारा. आवाज घुमत राहतो. जणू वरून कुणी ओ देते!

पण तिथे भूत नाही, की देवाची करणी नाही. आवाज हवेतून चालतो. एका सेकंदात सुमारे अकराशे फूट जातो. वाटेत भिंत आली, की चेंडूसारखा उलटून येतो. आपल्या घरात धान्याची पोती असतात, गोधड्या असतात. त्या आवाज पिऊन टाकतात. घुमटाचा दगड मात्र आवाज पीत नाही. तो इकडून तिकडे फेकत राहतो. म्हणून आवाज घुमतो.

पण किती वेळ? थोडा वेळ घुमतो आणि विरून जातो. मग घुमट मुका.

आता याच तालुक्यात नाणेघाटात चला. जुन्या काळी व्यापारी याच घाटाने कोकणात उतरत. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती नाणी दिली, सगळे त्यात आकड्यांसकट आहे. त्याला दोन हजार वर्षे होऊन गेली. मधल्या काळात ती ब्राह्मी लिपी लोक विसरले. १८३७ साली तिचा उलगडा झाला आणि दगड पुन्हा बोलू लागला.

बघा, आवाज क्षणभर टिकला. अक्षर दोन हजार वर्षे टिकले.

आता तुम्हीही अक्षर शिकलात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घुमटात किंवा लेण्यात गेलात, तर खडूने, खिळ्याने भिंतीवर आपले नाव लिहू नका. जुन्या दगडावरचा ओरखडा भरून येत नाही. पोरांनाही आवरा.

मग नाव कुठे लिहायचे? कागदावर लिहा. उसनवारी असो, जमिनीचा वाटा असो, नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका. तोंडचा शब्द घुमटातल्या आवाजासारखा विरतो. उद्या कुणी म्हणेल, "मी असं बोललोच नव्हतो!" म्हणून कागद करा. तो स्वतः वाचा. समजला नाही तर पुन्हा वाचा. मगच अंगठा बाजूला ठेवून सही करा.

हाक घुमटात मारा, मंडळी. अक्षर मात्र कागदावर ठेवा.