खोली आहे, पण नंबर कुणाचा?

इंदूरच्या मराठी घरांत एक फोन ठरलेला असतो. पुण्याहून आत्या विचारते, नाहीतर नागपूरहून चुलतभाऊ : "आम्ही पाच जण महाकालला येतोय. उज्जैनला खोली मिळेल ना?" आपल्या गावाहून उज्जैन जेमतेम ५५ किलोमीटर, तेव्हा आपल्याला सगळे ठाऊक असणार असे त्यांना वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिराचा 'महाकाल लोक' हा परिसर खुला झाला, तेव्हापासून असे फोन फारच वाढले. श्रावणात खोल्यांची ओढाताण होते. नागपंचमीला तर विचारूच नका, कारण मंदिराच्या वरच्या मजल्यावरचा नागचंद्रेश्वर वर्षातून त्या एकाच दिवशी दर्शन देतो.

जिथे खोलीची टंचाई, तिथे फसवणाऱ्याचे फावते. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना जाहीर सावध केले. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामच्या वाटेवरची गेस्ट हाऊस, सहलीची पॅकेजे, टॅक्सी या सगळ्यांच्या नावाने बनावट वेबसाइट, फेसबुकवरची पाने आणि व्हॉट्सअ‍ॅप खाती चालत होती. सोमनाथच्या अतिथिगृहाचे बुकिंग न्यासाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा, हेही त्यात नाव घेऊन सांगावे लागले.

मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः शेगावबद्दल. इंदूरच्या किती घरांत गजानन महाराजांची तसबीर आहे, ते तुम्ही जाणता. प्रकटदिन आला, ऋषिपंचमी आली की खंडवा-बऱ्हाणपूरच्या वाटेने माणसे निघतात. निघण्याआधी कोणीतरी मोबाइलवर 'शेगाव भक्तनिवास बुकिंग' असे लिहून शोधते. पडद्यावर महाराजांचा फोटो येतो, मंदिराचा कळस येतो, भक्तनिवासाची स्वच्छ खोली दिसते आणि खाली मोबाइल नंबर. फोन लावला की पलीकडचा म्हणतो, "जय गजानन, माउली!"

शेगावला गेलेल्या माणसाला हा शब्द लगेच ओळखीचा वाटतो. तिथले सेवेकरी लहानथोर सगळ्यांना माउलीच म्हणतात. एका शब्दात आपण निर्धास्त होतो, आणि नेमके तेच त्याला हवे असते. मग तो किती जण, कोणती तारीख, वातानुकूलित की साधी, असे शांतपणे विचारतो. आधार कार्डाचा फोटो मागतो, म्हणजे आपल्याला वाटते की कारभार नियमाने चाललाय. दोन खोल्यांचे तीन हजार पाठवा म्हणतो. पाठवले की पाच मिनिटांत परत फोन : "माउली, संगणकाने रक्कम घेतली नाही. तीन हजार एक रुपया पाठवा, आधीचे आपोआप परत येतील." माणूस पुन्हा पाठवतो. मग अनामत, मग कर, मग परताव्याची नोंदणी. आधी गेलेले परत मिळवायच्या नादात माणूस आणखी घालवत जातो, आणि शेवटी पलीकडचा फोन बंद होतो.

खरी गोष्ट अशी की शेगावचे संस्थान भक्तनिवासाचे ऑनलाइन बुकिंग करतच नाही. तिथे जायचे, रांगेत उभे राहायचे, ओळखपत्र दाखवायचे आणि असेल ती खोली घ्यायची. म्हणून शेगावच्या भक्तनिवासाची खोली घरबसल्या देणारा कोणीही असो, तो खोटा. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. गर्दीत थोडे ताटकळावे लागते खरे, पण पैसेवाल्याने आधी खोली अडवून ठेवली आणि खेड्यातून आलेली म्हातारी बाहेर राहिली, असे तिथे होत नाही. आपल्या अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूसाठी. आलेल्याला आधी आसरा, ही शिकवण शेगावात अजून टिकून आहे. तिच्याच नावाने कोणी भाविकाला लुबाडावे, याचा मला मनापासून संताप येतो.

इतर बऱ्याच ठिकाणी मात्र आगाऊ बुकिंग असते, आणि ते करावेही. तिथे एकच प्रश्न स्वतःला विचारायचा : हा नंबर माझ्यापर्यंत आला कुठून? शोधल्यावर सगळ्यात वर जे येते, ते पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. नकाशावर हॉटेलच्या नावाखाली दिसणारा नंबरही डोळे झाकून खरा धरू नये, कारण तिथली माहिती बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकते. तेव्हा देवस्थानाचे किंवा पर्यटन महामंडळाचे मूळ संकेतस्थळ उघडा, त्याचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा आणि नंबर तिथूनच घ्या. मागे गेलेल्या कोणाकडे जुनी पावती असेल तर उत्तमच. त्यावरचा नंबर लावून पाहा.

पैसे पाठवताना एक क्षण थांबा. यूपीआयवर रक्कम जाण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. खोली देवस्थानाची आणि नाव मात्र कुठल्यातरी भलत्याच माणसाचे, असे दिसले की तिथेच हात आखडायचा. 'ते आमच्या मॅनेजरचे खाते आहे' हे उत्तर ऐकूनसुद्धा घेऊ नका. आणि परतावा देतो म्हणून कोणी क्यूआर कोड धाडला, पिन टाकायला सांगितला, तर पक्के समजा की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

अशी फसवणूक फक्त तीर्थक्षेत्रीच होते असे नाही. आता गोव्याविषयी. नाताळच्या सुट्टीत आपली मुले मित्रांबरोबर गोव्याला बंगला भाड्याने घेतात. फोटोत पोहण्याचा तलाव, भाडे निम्मे आणि 'आज अर्धे भरा, नाहीतर दुसऱ्याला देतो' अशी घाई. असे फोटो दुसऱ्याच जागेचे असू शकतात. त्या पत्त्यावर पोचल्यावर तिथे भलतेच कुटुंब राहत असल्याचे कळते. गोव्यात पर्यटकांना जागा देणाऱ्याला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. शिवाय व्हिडिओ कॉल करून फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत जागा दाखवायला सांगा. खरा मालक दाखवतो. टाळाटाळ झाली तर ती जागा सोडून द्यायची, कितीही स्वस्त असली तरी.

एवढे करूनही पैसे गेलेच, तर? तर पहिला तास सोन्याचा. लगेच १९३० लावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. तुमची तक्रार तिथून बँकेकडे जाते, आणि रक्कम पुढच्या खात्यात अजून पडून असेल तर ती तिथेच अडवली जाते. हे चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने फिरवतात. म्हणून उशीर झाला की हाती काही लागत नाही. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचा नंबर आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. चिडून काही पुसून टाकू नका.

पण उशीर होतो तो बहुधा लाजेपायी. 'एवढी शिकलेली मी, आणि फसले? मुलाला कसे सांगू?' असे म्हणत आजी दोन दिवस गप्प राहते, नी ते दोन दिवस चोराच्या पथ्यावर पडतात. घरातल्या मुला-सुनांना माझे सांगणे आहे की आई-बाबांनी असे काही सांगितले, तर 'तुम्हाला कळत कसं नाही' हे वाक्य गिळा. आधी फोन लावा.

आणि आपल्या इंदूरकरांकडे एक मागणे. पुण्याची आत्या उज्जैनच्या खोलीचे विचारील, तेव्हा 'बघ ऑनलाइन' म्हणून मोकळे होऊ नका. तिला आलेला नंबर तुम्ही पडताळा. उज्जैनला ओळखीचे कोणी असेल तर त्याला त्या दाराशी जाऊन यायला सांगा. तिचे पैसे जाण्याआधी हे करा, आणि १९३० हा आकडा आजच घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.