साखरेला संरक्षण मिळाले, श्रमाला कधी?

(कुर्डुवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा सारांश)



साखरधंदा कारखानदारांच्या कर्तबगारीवर उभा राहिला, ही समजूत इतिहासाला धरून नाही. १९३० च्या सुमारास जावाची साखर आपल्या बाजारात येत असे. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात कायम केली आणि पाच-सहा वर्षांतच तिसाच्या आसपास असलेले कारखाने शंभराच्या वर गेले. हे संरक्षण १९५० पर्यंत टिकले. म्हणजे चहात चमचाभर साखर घालणाऱ्या गरिबानेही अठरा वर्षे या धंद्याच्या उभारणीचा भार उचलला.

याच जिल्ह्यात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली कंपनी काढून माळीनगरचा कारखाना उभारला. ऊसकरी कारखाना चालवू शकतो, हे दाखवून दिले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकाराचा मार्ग घालून दिला. पुढे सरकारने सहकारी कारखान्यांत भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली, धरणे बांधली. १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले आणि ज्वारीच्या या माढा तालुक्यात ऊस पसरला.

जकात ग्राहकाने भरली, पाणी जनतेचे, भांडवल सभासदांचे व सरकारचे. मालकी मात्र कोणाची? १९९८ मध्ये परवानापद्धती उठली, खासगी कारखाने वाढले आणि कर्जात बुडालेले कित्येक सहकारी कारखाने विक्रीतून खासगी मालकांच्या हाती गेले. याचा दोष केवळ धोरणाला देऊन चालणार नाही. सभासद मतापुरता उरला आणि संचालक मंडळ हीच सत्तेची शिडी झाली, तेव्हाच सहकार आतून पोखरला गेला होता.

आणि ऊसतोड कामगार? मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको एका कोयत्यात मोजली जातात. कोणत्याही जकातीने त्यांना संरक्षण दिलेले नाही.

तेव्हा आपले काम स्पष्ट आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत उसाचे पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. हे व्याज गावोगाव अर्ज भरून मागा. वार्षिक सभेत ताळेबंद वाचायला लावा. आणि त्याच सभेत तोडणीच्या दराचा प्रश्न ऊसकऱ्याच्या तोंडून निघू द्या. ऊसकरी आणि ऊसतोड्या एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर कारखान्याचा मालक कोणीही असो, जिंकणार तोच.