चिंतेलाही वैद्य हवा

(हुपरी येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



हुपरी ही चांदीची नगरी. येथील अनेक वास्तूंत घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत नसते. पैंजणाच्या कड्या जोडणारे हात सासऱ्यांचे असतात, तसे सुनेचेही असतात. अशा घरात निवृत्तीचा दिनांक ठरलेला नसतो. एके दिवशी डोळ्यांना बारीक जोड दिसेनासा होतो, बोटांना कंप सुटतो आणि आयुष्यभर राबलेला कारागीर सोप्यात बसून राहतो. त्याचे हात थांबतात, मन मात्र थांबत नाही. परराज्यातील पेठांत उधारीवर गेलेल्या मालाची वसुली होईल ना? चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोमागे लाखाच्या पुढे गेला, आता मुलांनी भांडवल कोठून आणावे? रात्रीच्या प्रवासात असलेल्या मुलाचा फोन का लागत नाही?

अशी काळजी संसारी माणसाला स्वाभाविकच आहे. परंतु ती महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही, झोप हिरावून घेते, देवळापर्यंत जाण्याचेही भय वाटू लागते, तेव्हा तिला स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. वैद्यकशास्त्र तिला चिंताविकार म्हणते आणि त्यावर उपचार आहेत.

जुन्या पिढीला मनाचे दुखणे सांगण्याची सवय नाही. ती शरीराच्या भाषेत बोलते. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हातापायांना मुंग्या येतात, डोके जड होते. मग ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते. हे आवश्यकच आहे. कारण हृदयविकार, थायरॉइडचा दोष किंवा दम्याची काही औषधे यांमुळेही धडधड होते. परंतु सारे अहवाल निर्दोष आले की घर सुटकेचा श्वास टाकते आणि म्हणते, ‘काही झालेले नाही, उगीच काळजी करता.’ वास्तविक हृदय ठीक आहे, एवढेच त्या कागदाने सांगितलेले असते. माणूस ठीक आहे, असे नव्हे.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड सुकले, अंगाला कंप सुटला, गांडीव हातून निसटू लागले. तो भित्रा नव्हता, रणधुरंधर होता. आणि त्याचे समाधान एका वाक्यात झाले नाही. अठरा अध्यायांचा संवाद करावा लागला. मग थकल्या आजोबांची बोळवण ‘नामस्मरण करा’ एवढ्यावर का व्हावी? नामस्मरणाने मनाला आधार मिळतो, तो घ्यावाच. पण मधुमेही भक्त औषध सोडत नाही, तसेच हेही आहे.

तरीही मानसोपचारतज्ज्ञांकडे पावले वळत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. मानसोपचार म्हटले की येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावे आठवतात आणि घर हादरते. नातीच्या सोयरिकीचा विचार आडवा येतो. ‘वय झाले की असे व्हायचेच’ ही समजूत असते. शिवाय कामाचा दिवस मोडून सोबत कोणी जायचे, हा प्रश्न उरतोच.

वस्तुतः चिंताविकाराच्या बहुतेक रुग्णांना रुग्णालयात राहावे लागत नाही. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. प्रवास झेपत नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर शासकीय मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

उपचारही समजून घ्यावेत. समुपदेशनाने चिंतेचे विचार ओळखून त्यांना उत्तर देण्याची सवय लागते. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ती सोडू नयेत. मात्र दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी ज्येष्ठांना घातक ठरते. तिने तोल जातो, पडून हाड मोडते, स्मृती मंदावते, सवय जडते. ती अनेक दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावी.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान सर्वांनाच आहे. त्या अभिमानाची कसोटी अशाच वेळी लागते. घरातील वडीलधारे पुन्हा धडधडीची तक्रार करतील, तेव्हा कोणीतरी त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे. तपासणीचे कागद दाखवावेत आणि गेल्या महिन्यात किती रात्री त्यांचा डोळा लागला नाही, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.