जॅक डेम्प्सी खरोखर किती मोठा ?



मुष्टियुद्धाच्या इतिहासांत कांहीं वाद असे आहेत कीं ते कधीं मिटत नाहींत, आणि मिटूं नयेत असेंच त्या खेळाच्या शौकिनांना वाटत असतें. त्यांपैकीं एक आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. जॅक डेम्प्सी हा अमेरिकन मुष्टियोद्धा १९१९ पासून १९२६ पर्यंत सर्वांत वजनदार गटाचा जगज्जेता होता. १९५० सालीं असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें क्रीडालेखकांचीं मतें घेतलीं, तेव्हां शतकाच्या पूर्वार्धांतील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून डेम्प्सीचीच निवड झाली. जो लुईचा सारा पराक्रम डोळ्यांसमोर असतां ही निवड झाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. उलट, हा मान डेम्प्सीला फार स्वस्तांत मिळाला, असें म्हणणारेहि जाणते लोक आहेत. यांत खरें काय आणि खोटें काय, याचा आपण शांतपणें विचार करूं.

आधीं डेम्प्सीचा पक्ष ऐकूं. १८९५ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील मनासा या खेड्यांत एका गरीब कुटुंबांत त्याचा जन्म झाला. पोरवयांतच त्यानें घर सोडलें. खाणींत काम केलें, मालगाड्यांतून चोरून प्रवास केला, आणि चार पैशांसाठीं गुत्त्यांतून ठोसाठोशी केली. १९१९ च्या ४ जुलै रोजीं ओहायो संस्थानांतील टोलेडो येथें तो जगज्जेता जेस विलर्ड याच्यापुढें उभा राहिला, तेव्हां दोघांच्या वजनांत ५० पौंडांहून अधिक अंतर होतें. विलर्डची उंची साडेसहा फूट. पहिल्या फेरींतच डेम्प्सीनें त्याला सात वेळां खालीं लोळविलें. तिसरी फेरी संपल्यावर विलर्ड चौथीसाठीं उठलाच नाहीं.

हा जय नुसत्या रानटी बळाचा नव्हता. हनुवटी छातीशीं घेऊन, कमरेंत वांकून, डुलत डुलत डेम्प्सी प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशीं शिरे, आणि जवळून डाव्या हाताचा आडवा ठोसा हाणी. हलत्या डोक्यावर नेम धरणें कठीण. आणि नेम चुकला कीं प्रतिस्पर्धी उघडा पडे. अंगानें मोठ्या मल्लांना अशा रीतीनें नमवितां येतें, हें त्यानें लोकांना दाखवून दिलें.

त्याच्या लोकप्रियतेला तर सीमाच नव्हती. १९२१ च्या २ जुलै रोजीं फ्रेंच वीर जॉर्ज कार्पांत्ये याच्याशीं त्याचा सामना झाला, तेव्हां तिकिटांचें उत्पन्न १६ लाख डॉलरांवर गेलें. आपणां नभोवाणीच्या श्रोत्यांना कौतुक वाटावें अशी गोष्ट म्हणजे, ज्या पहिल्या मोठ्या सामन्यांचें वर्णन ध्वनिलहरींवरून प्रसृत झालें त्यांत हा एक होता. पुढें १९२३ च्या सप्टेंबरांत अर्जेंटिनाचा लुइस फिर्पो त्याच्यासमोर आला. पहिल्या फेरींत फिर्पो सात वेळां पडला. पण त्याच फेरींत त्यानें डेम्प्सीला दोरांतून रिंगणाबाहेर, थेट बातमीदारांच्या अंगावर फेंकलें! त्यांनीं त्याला वर ढकललें. तो पुन्हां उभा राहिला, आणि दुसऱ्या फेरींत त्यानें फिर्पोला गारद केलें. बाहेरच्यांच्या हाताचा आधार मिळाला म्हणून डेम्प्सीला बाद ठरवावयास हवें होतें, असें म्हणणारे आजहि आहेत.

आतां आक्षेप पाहूं. पहिल्या महायुद्धांत त्यानें लष्करभरती टाळली असा त्याच्यावर आरोप आला, आणि १९२० सालीं खटलाहि झाला. पंचांनीं त्याला निर्दोष ठरविलें. दुसऱ्या महायुद्धांत तो अमेरिकेच्या तटरक्षक दलांत अधिकारी होता. विलर्डशीं लढतांना त्याच्या हातांवरील पट्ट्यांत प्लॅस्टर भरलें होतें, हा आरोप त्याचा जुना व्यवस्थापक जॅक कर्न्स याच्या नांवानें १९६४ सालीं छापून आला. तो दोघांत वितुष्ट आल्यानंतर केलेला, आणि पुराव्याच्या दृष्टीनें लंगडा. हे दोन्ही आक्षेप बाजूस ठेवण्यास हरकत नाहीं.

तिसरा आक्षेप जीन टनीचा. १९२६ सालीं फिलाडेल्फिया येथें १ लाख २० हजार प्रेक्षकांसमोर टनीनें दहा फेऱ्यांत डेम्प्सीला निर्विवाद हरविलें. पत्नीनें विचारलें, तेव्हां “मी वांकावयास विसरलों,” असें त्यानें हंसून उत्तर दिलें. दुसऱ्या वर्षीं शिकागो येथें पुन्हां लढत झाली. सातव्या फेरींत टनी पडला. प्रतिस्पर्धी पडल्यावर दूरच्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें, असा नियम आधींच ठरला होता; परंतु डेम्प्सी तेथेंच घुटमळला. तो कोपऱ्यांत जाईपर्यंत पंचानें मोजणी सुरू केली नाहीं. नवाच्या आंकड्यावर टनी उठला, आणि अखेरीस गुणांवर जिंकला. त्याला सुमारें चौदा सेकंद मिळाले, म्हणून डेम्प्सीचे चाहते अद्याप हळहळतात. मला मात्र त्यांत वेगळेंच कांहीं दिसतें. पडलेल्या माणसाच्या शेजारीं उभें राहावें, आणि तो उठतां क्षणींच त्याला पुन्हां पाडावें, ही डेम्प्सीची जुनी संवय. विलर्ड आणि फिर्पो यांना त्यानें सात-सात वेळां पाडलें, त्यांत या संवयीचा वांटा मोठा होता. जिनें त्याला कीर्ति दिली, तिनेंच शिकागोस त्याचा घात केला. शिवाय तेव्हां तो बत्तीस वर्षांचा होता, आणि टनीशीं पहिल्यानें लढण्यापूर्वीं तीन वर्षें त्यानें अजिंक्यपदासाठीं एकहि लढत दिली नव्हती. म्हणून टनीकडून झालेल्या पराभवांवरून भरभराटीच्या काळांतील डेम्प्सीचें माप काढणें न्याय्य नव्हे.

परंतु तीं तीन वर्षें रिकामीं कां गेलीं, हें विचारलें कीं आपण खऱ्या प्रश्नाशीं येऊन पोंचतों. त्या प्रश्नाचें नांव हॅरी विल्स.

विल्स हा न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णी मुष्टियोद्धा, डेम्प्सीहून सहा वर्षांनीं वडील. गोऱ्या नामांकितांशीं लढत मिळणें दुर्घट, म्हणून असे मल्ल आपसांतच पुनः पुनः लढत. सॅम लँगफर्ड या थोर मल्लाशीं विल्सला पंधराहून अधिक वेळां झुंजावें लागलें. त्याची योग्यता जोखावयास दोन सामाईक प्रतिस्पर्धी आहेत. फ्रेड फुल्टनला डेम्प्सीनें १९१८ सालीं पहिल्याच फेरींत गारद केलें. विल्सनें १९२० सालीं तिसऱ्या फेरींत. फिर्पोला डेम्प्सीनें दोन फेऱ्यांत संपविलें. विल्स १९२४ सालीं त्याच्याशीं बारा फेऱ्या लढला आणि वृत्तपत्रांनीं त्याला वरचढ ठरविलें. यावरून डेम्प्सी अधिक घातक दिसतो. पण विल्स हा त्याच्या जोडीचा होता, हेंहि तितकेंच स्पष्ट दिसतें.

हा सामना झाला नाहीं. कां ? १९०८ ते १९१५ पर्यंत जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णी मल्ल जगज्जेता होता. १९१० सालीं रीनो येथें त्यानें जेफ्रीज या गोऱ्या वीराला हरवितांच अमेरिकेंत ठिकठिकाणीं दंगे उसळले आणि माणसें मेलीं. तो सामना भरविणारा टेक्स रिकर्ड हाच पुढें डेम्प्सीचे मोठे सामने भरवूं लागला. असा प्रसंग पुन्हां नको, ही सबब त्याला आयतीच मिळाली. डेम्प्सीनेंहि अजिंक्यपद मिळतांच, आपण कृष्णवर्णी आव्हानकर्त्यांशीं लढणार नाहीं, असें जाहीर केलें होतें. पुढें त्याचा सूर बदलला. १९२२ आणि १९२५ सालीं विल्सशीं लढण्याच्या करारांवर त्यानें सह्याहि केल्या. पण दुसऱ्या वेळीं सामना भरविणाऱ्याला कबूल केलेला पैसा उभा करतां आला नाहीं. विल्सला ५० हजार डॉलर मिळाले; सामना मात्र मिळाला नाहीं. १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं, आधीं विल्सशीं लढा, असा आग्रह धरला. तेव्हां टनीचा सामना तेथून उचलून फिलाडेल्फियाला नेण्यांत आला.

डेम्प्सी भ्याला, असें मी म्हणणार नाहीं. १९१६ सालीं नवखा असतांना तो जॉन लेस्टर जॉन्सन या कृष्णवर्णी मल्लाशीं लढला, आणि त्या लढतींत त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याच्या सरावाच्या छावणींत बिल टेटसारखे कृष्णवर्णी मल्ल रोज त्याच्याशीं ठोसे खेळत. म्हणजे पहांटे सरावाला जो चालतो, तो संध्याकाळीं अजिंक्यपदासाठीं चालत नाहीं ! यांत भीति नाहीं, त्याहून वाईट गोष्ट आहे. अन्याय आपण निर्माण केला नसला, तरी तो आपल्या सोयीचा असला कीं त्याच्या सावलींत स्वस्थ बसतां येतें. जगज्जेता ठाम राहिला असता, तर रिकर्डलाहि वांकावें लागलें असतें; कारण डेम्प्सीवांचून रिकर्डचा धंदा चालणारा नव्हता.

मी आयुष्यभर शाळेंत उत्तरपत्रिका तपासल्या. एखादा बुद्धिमान विद्यार्थी सोडविलेलीं सर्व उत्तरें अप्रतिम लिहितो, पण सर्वांत अवघड सक्तीचा प्रश्न तसाच सोडतो. त्याला तो आला असता, याविषयीं परीक्षकाच्या मनांत शंकाहि नसते. तरी न लिहिलेल्या उत्तराला गुण देतां येत नाहींत. डेम्प्सीच्या बाबतींत माझा निकाल हाच आहे. १९२३ च्या सुमारास तो विल्सशीं लढता, तर बहुधा जिंकता. परंतु “बहुधा” हा शब्द आपल्याला वापरावा लागतो, आणि तो वापरावा लागला याचें उत्तरदायित्व डेम्प्सीच्या बाजूला आहे, विल्सच्या नव्हे.

म्हणून ठोशाचा वेग, धैर्य आणि चढाई या गुणांत डेम्प्सीला पहिल्या चारपांचांत बसविण्यास मला संकोच वाटत नाहीं. सर्वश्रेष्ठ मात्र म्हणवत नाहीं. ज्यांना आपल्यासमोर येऊं दिलें त्यांना त्यानें कसें हरविलें, एवढ्यावरून जगज्जेत्याचें मोठेपण पुरतें कळत नाहीं. कोणाला येऊं दिलें नाहीं, तेंहि विचारावें लागतें. जॉन्सननंतर वजनदार गटाच्या अजिंक्यपदासाठीं लढण्याची संधि कृष्णवर्णी मल्लाला मिळाली ती एकदम १९३७ सालीं, जो लुईला. मध्यें बावीस वर्षें गेलीं. विल्सची उमेद त्याच काळांत सरली. तो १९५८ सालीं वारला आणि डेम्प्सी १९८३ सालीं, सर्वांचा लाडका होऊन. यापुढें डेम्प्सीच्या पराक्रमाची कथा कोणी सांगूं लागला, तर ती आनंदानें ऐकावी; आणि ती संपल्यावर, “हॅरी विल्सचें काय ?” एवढाच प्रश्न सौम्यपणें विचारावा.