सावडीचे सरकार



मत दिले की आपले काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण खरा हिशेब मोजणीनंतर सुरू होतो. तो आज आपण समजून घेऊ.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून येतात. सरकार चालवायला निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान १४५ आमदारांची साथ लागते. याला बहुमत म्हणतात.

१९७८ सालची गोष्ट घ्या. काँग्रेस पक्ष नुकताच फुटला होता. निवडणुकीत जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या. एका काँग्रेसला ६९, तर इंदिरा काँग्रेसला ६२. बहुमत कोणापाशीच नव्हते.

मग काय करायचे? एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, तेव्हा औत चालते. तशा ह्या दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. निवडणुकीत त्या एकमेकींविरुद्ध लढल्या होत्या! ६९ आणि ६२ मिळून १३१ झाले. म्हणून इतर आमदारांचीही साथ घ्यावी लागली. मार्च महिन्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. असे मिळून केलेले सरकार म्हणजे आघाडी सरकार.

पण मने जुळली नाहीत. भांडणे चव्हाट्यावर आली. जुलैमध्ये मंत्री शरद पवार काही सहकारी व आमदार घेऊन बाहेर पडले. बहुमत गेले. चार महिन्यांत सरकार पडले. १८ जुलैला पवार मुख्यमंत्री झाले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष त्यांच्याबरोबर होते. या आघाडीला 'पुलोद' म्हणत. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने तेही सरकार बरखास्त केले. राष्ट्रपती राजवट आली.

म्हणजे दोन वर्षांत दोन मंत्रिमंडळे गेली. मत मात्र आपण एकदाच दिले होते.

पुढे १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. २००३ साली तो कडक झाला. तरी २०२२ साली आमदार बाहेर पडले आणि महाराष्ट्रात आघाडीचे सरकार पुन्हा कोसळले.

आघाडी करणे वाईट नाही. सावडीवाचून कितीतरी शेते पडीक राहतील. पण सावड करताना कोणाचे शेत आधी नांगरायचे, हे आपण आधीच ठरवतो ना? तसेच उमेदवार दारी आला की विचारा, "दादा, बहुमत नाही मिळाले तर कोणाबरोबर जाल? कोणत्या कामासाठी जाल?" त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते. पाच वर्षांनी तो पुन्हा आला की वही उघडून त्याला वाचून दाखवा.