नात्याचा जाब



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानणे आणि त्यानंतर आपली अपात्रता विस्ताराने सिद्ध करणे, असा जो परिपाठ आपल्या व्यासपीठांवर रूढ झाला आहे, त्यातील पहिला भाग मी मनःपूर्वक पार पाडतो. दुसऱ्याचा निवाडा भाषण संपल्यावर आपण स्वतःच कराल, म्हणून तो आपल्यावर सोपवितो. मला आज भांडण करावयाचे आहे, आणि ते परक्यांशी नसून घरातल्यांशी आहे.

आपल्या सभांतून, प्रार्थनाघरांतून आणि लग्नाच्या मांडवांतूनही अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते. ख्रिस्ती श्रद्धा हा धर्म नसून देवाशी असलेले व्यक्तिगत नाते आहे, हे ते वाक्य. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. माझी फिर्याद अशी की, ज्या वाक्यासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात एका स्त्रीने आयुष्य वेचले, ते आज कोणतेही मोल न देता हातोहात वाटले जात आहे, आणि देणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल अशी शंकाही शिवत नाही.

या वाक्याचे दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू उघड आहे. देवाशी नाते आहे असे रविवारी ऐकून सोमवारी कचेरीत जाणारे, मंडळीच्या जमिनीच्या फेरफारावरून, विश्वस्तांच्या निवडणुकीवरून आणि जुन्या वहिवाटीच्या हक्कावरून वर्षानुवर्षे कज्जे चालविणारे जे कारभारी आपल्यात आहेत, त्यांचा धर्म दफ्तरात सुरू होतो आणि दफ्तरातच संपतो. नुसत्या रूढीलाच धर्म मानण्याचे एक उदाहरण शिरूरकरांना गावातच सापडेल. घोडनदीच्या छावणीतला इंग्रज अंमलदार कर्नल वॉलेस 1809 साली वारला आणि येथेच त्याला मूठमाती मिळाली. पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरविले आणि सुगीच्या दिवसांत त्याच्या थडग्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवण्याची चाल पडली, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. आपण त्या भोळ्या शेतकऱ्याला हसतो. परंतु अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या शिरूरला ठाणे केले, त्या मिशनऱ्यांच्या नावांच्या शिळा पुसणे, त्यांच्या वेळचे बाक न हलविणे आणि त्यांनी घालून दिलेल्या क्रमात एका गीताचाही फरक न करणे, एवढ्यालाच जो विश्वास समजतो, त्या ख्रिस्ती पंचाने त्या शेतकऱ्याला हसण्याचा अधिकार कोणत्या सनदेने मिळविला? शेतकऱ्याने निदान पिकातले धान्य तरी नेले होते.

दुसरा शत्रू याहून घातक, कारण तो त्या वाक्याचा मित्र म्हणून वावरतो. माझे नाते थेट देवाशी आहे, असे म्हटले की मंडळीचे बंधन नको, दानार्पण नको, शेजाऱ्याच्या मयताला खांदा नको आणि लग्न ठरविताना जातीची चौकशी मात्र हवी, असा जो सोयीचा हिशेब आपल्या सुशिक्षित वर्गाने बसविला आहे, तो मला मान्य नाही. आपले आजे-पणजे बहुतांशी महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून प्रभूकडे आले. पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नव्हती त्यांना एका ताटात प्रभुभोजन मिळाले, हा त्यांच्या विश्वासाचा पहिला दस्तऐवज होता. त्यांच्या नातवंडांनी सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात हळूच विचारावी आणि मग व्यासपीठावर येऊन नात्याची ग्वाही द्यावी, यात धर्मही नाही आणि नातेही नाही. शिवाय धर्म नको म्हणणे सर्वांना सारखे स्वस्त पडत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाकारल्या. दाखल्याच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात खरे लिहिणाऱ्या खेड्यातल्या मुलाला त्या एका शब्दाची किंमत नेमकी ठाऊक आहे. शहरातल्या पंख्याखाली बसून त्याला 'धर्म हा गौण आहे' असे शिकविणाऱ्याने आधी त्याच्या अर्जाखाली स्वतःची सही करून पाहावी.

आता ज्या स्त्रीचा मी उल्लेख केला, तिच्याकडे येतो. येथून दूर जावयास नको. दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. बाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वॉन्टेज येथे झाला. आपल्या पठडीप्रमाणे येथे गोष्ट संपावयास हवी: ब्राह्मण विदुषी ख्रिस्ती झाली, नोंदवहीत नाव चढले, टाळ्या. परंतु स्वतः बाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली, तेव्हा त्यांनी स्पष्ट कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. आज ज्या वाक्याचे आपण फलक रंगवितो, त्याचा अर्थ या देशात इतक्या प्रांजळपणे क्वचितच कोणी लिहिला असेल. आणि त्यासाठी आपल्या बाप्तिस्म्याच्या प्रतिष्ठेवर पाणी सोडण्याची तयारी लागते, जी आपल्यापैकी किती जणांत आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

ती आठ वर्षे निष्क्रिय नव्हती, हेही ध्यानात घ्या. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात बाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतापासून बिशपांच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या हुकमतीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हाती सदसद्विवेक गहाण टाकण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असाही सवाल केला. पुढे इकडे पुण्यात त्यांच्या शारदा सदनात मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, या कारणावरून गहजब उडाला आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. एका बाजूला चर्चचा धर्म, दुसऱ्या बाजूला समाजाचा धर्म. दोघांनीही बाईंना जाब विचारला आणि बाईंनी दोघांनाही निर्भीडपणे उत्तर दिले, कारण आपल्याला अंतिम जाब कोणाला द्यावयाचा आहे हे त्यांना कळू लागले होते.

आणि ते कळल्यावर काय झाले? आपल्या नव्या भक्तांच्या कल्पनेप्रमाणे बाई डोळे मिटून बसावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्या मुलींची व्यवस्था केडगावच्या माळावर करावी लागली. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, तेलघाणा, विणकाम, गोठा आणि छापखाना चालू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात आली. 1905 च्या जूनमध्ये याच केडगावात प्रार्थना करणाऱ्या मुलींमध्ये जी आध्यात्मिक जागृती झाली, ती लॉस एंजेलिसमधील अझूसा रस्त्यावरच्या जगप्रसिद्ध जागृतीच्या आदल्या वर्षीची. परंतु त्या मुलींनी प्रार्थनेनंतर जाते ओढले, खिळे जुळविले आणि पाणी शेंदले, हे सांगावयास आपले वक्ते विसरतात. शेवटी बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. मनोरमा ही एकुलती एक मुलगी 1921 साली गेली, 5 एप्रिल 1922 रोजी बाई गेल्या, आणि त्यांचे भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातून 1924 साली बाहेर पडले. देवाशी व्यक्तिगत नाते जडलेल्या माणसाचा जमाखर्च असा असतो. माझा सिद्धांत एवढाच आहे की, नात्याने अंगावरचा भार कमी होत नाही, वाढतो. धर्म नियमांपुरता जाब विचारतो, नाते सर्वस्वाचा विचारते.

या वाक्याचा आणखी एक दुरुपयोग मला या भूमीत विशेष खटकतो. शेजाऱ्यांकडे नुसता धर्म आहे, नाते काय ते आमच्याकडे, अशी बढाई आपले काही उपदेशक मारतात. त्यांनी आषाढाच्या आधी दौंड तालुक्यात यावे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. मुक्ती मिशन तेथून फार दूर नाही. ज्या संताने देवाला आई म्हटले, त्याच्यावर रुसला, त्याच्याशी कडाक्याने भांडला आणि सर्व सोडून त्याच्या दाराशी बसला, त्याच्या मागे चालणाऱ्या माणसाला देवाशी नाते म्हणजे काय हे शिकविण्यासाठी परदेशी पुस्तिकेची गरज नाही. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत. पुढे 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करण्याचा यत्न केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. येशू ख्रिस्ताविषयीची माझी श्रद्धा मी तसूभरही पातळ करीत नाही. परंतु जो स्वतः त्या पुलावरून आला आहे त्याने पूल पाडण्याची भाषा करू नये, एवढे मी ठासून सांगतो.

हे साहित्याचे व्यासपीठ आहे, म्हणून अखेरची फिर्याद साहित्याची. आपल्याकडे साक्षींचा सुकाळ आहे आणि त्या सर्व साक्षी एकाच साच्यातून निघालेल्या आहेत: मी पापी होतो, आजारी पडलो, प्रार्थना झाली, बरा झालो. सांगणारा शिरूरचा की सोलापूरचा, त्याच्या घरात कोण रडले, कोण भांडले, तो कोणाशी खोटे बोलला, यातले काही कळत नाही. व्यक्तिगत नात्याची ग्वाही देणाऱ्या लेखनात व्यक्तीच नसावी, यासारखी विसंगती नाही. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी 1934 पासून भागाभागांनी निघाली, ती उघडा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून संतापलेली, सोवळ्याओवळ्याला घट्ट धरून बसलेली आणि नवऱ्यानंतर काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्याच वाटेला आलेली ती बाई, स्वतःला हसत, नवऱ्याला फटकारत जे लिहिते, त्यात उपदेशाला जागा नाही, आणि म्हणूनच साऱ्या महाराष्ट्राने ते पुस्तक आपले मानले.

आपला वारसा सामान्य नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोमंतकात छापले गेले. 'ज्ञानोदय' 1842 साली अहमदनगरात निघाला. बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले ते विधवांच्या दुःखाने अस्वस्थ होऊन. हे लोक समाजापुढे जाब देण्यास उभे राहिले, म्हणून मराठीत त्यांना स्थान मिळाले. आपण मात्र आपल्यापुरते, आपल्या मांडवात, आपल्याच टाळ्यांसाठी लिहितो आणि मराठी वाचक आपली दखल घेत नाही म्हणून कुरकुरतो.

तेव्हा पाळकांना माझी विनंती अशी की, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नावे मोजणे थोडे थांबवून त्या नावांच्या माणसांनी गेल्या वर्षी कोणाची भूक भागविली ते विचारावे. पंचांनी कज्जे कचेरीतून उठवून मंडळीत मिटवावेत. आईबापांनी सोयरिकीत जात विचारणे आजपासून बंद करावे. तरुण लेखकांनी साचा मोडून आपली साक्ष आपल्या आवाजात, नावागावासह आणि लाजिरवाण्या तपशिलासह लिहावी. आणि ज्यांना यातले काही करावयाचे नाही, त्यांनी खुशाल करू नये. फक्त त्यांनी देवाशी असलेल्या नात्याची गोष्ट पुन्हा काढू नये, धर्माच्या रकान्यात आपले नाव आहे एवढ्यावर समाधान मानावे.