सातासमुद्रापलीकडील दप्तर



अंबड तालुक्यातील आपल्या अंकुशनगरात,
जिथे समर्थ कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजला जातो,
तिथल्या विद्यार्थ्यालाही अमेरिकेचे दप्तर आज घरबसल्या चाळता येते.

इ. स. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ,
कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना,
कृतज्ञतापूर्वक अर्पण केला.

ती मुक्ती कागदावर कशी उतरली?

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी काढलेला मुक्तीचा जाहीरनामा
वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेला असून,
त्याची छायाचित्रे संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

पाने अवघी पाच.
मुळात ती तांबड्या-निळ्या फितींनी बांधलेली होती.
शेवटच्या पानावर राष्ट्राची मोहर,
आणि लिंकन यांची पूर्ण नावाची सही.

मात्र हा हुकूम बंडखोर प्रांतांपुरताच होता.
साऱ्या देशातील गुलामगिरी कायद्याने संपली,
ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.
हुकमाने आरंभ झाला. संविधानाने तो पूर्णत्वास नेला.
नागरिकशास्त्राचा याहून स्पष्ट धडा कोणता?

म्हणून, गुरुजनहो,
शाळेच्या संगणकावर मुलांना तो जाहीरनामा दाखवा,
आणि सहल पुण्यास गेली,
तर गंज पेठेतील फुले वाड्याच्या अंगणात त्यांना क्षणभर उभे करा.

इतिहास ऐकावा, वाचावा;
परंतु मूळ दस्तऐवज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.
पुन्हा सांगतो,
मूळ दस्तऐवज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.